आंब्याखालचं गवत

१२ सप्टेंबर १९९४, सोमवार

चार वर्षं घासून मी जे शिकले, ते एक डबडं दीड मिनिटात करतं, हे आज मुंबईत कळलं. पोर्टफोलिओची ती दाराएवढी बॅग घेऊन पनवेलला एसटीत चढले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ताई, हिचं वेगळं तिकीट काढायला लागेल." मी हसले. परत येताना हसू आलं नाही.

जाहिरात कंपनीतल्या माणसाने माझं हाताने काढलेलं अक्षरलेखन पाहिलं. एका ओळीला बावीस दिवस लागले होते मला. "छान," म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर टकटक करून तीच ओळ सहा वेगवेगळ्या वळणांत काढून दाखवली. दीड मिनिट. घड्याळ माझ्या समोरच होतं.

"कॉम्प्युटर येतो?"

"शिकेन."

"मग शिकून या."

घरी आईने तोंड बघितलं आणि काही न विचारता ताट वाढलं. वाढता वाढता म्हणालीच, "बी.एड. कर म्हणत होते मी." बाबा बँकेतून आले आणि म्हणाले, होईल काहीतरी. बाबांचं हे 'होईल काहीतरी' मी दहावीपासून ऐकतेय.

२६ सप्टेंबर, सोमवार

पाचवी कंपनी. इथे नीता मॅडम म्हणून एक बाई होत्या. त्यांनी माझी सगळी अक्षरं भराभर उलटली आणि एका फोटोपाशी थांबल्या. कॉलेजमध्ये मी एका जुन्या फोटोवरच्या भेगा ब्रशने बुजवल्या होत्या, तो.

"हे तू केलंस? हाताने?"

त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरला अक्षरं जमतात पण फोटो साफ करणं अजून नीट जमत नाही, आणि ब्रशने रिटचिंग करणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. एक मार्चपासून त्यांच्याकडे जागा आहे. पण नुसत्या डिप्लोमावर नाही. कुठेतरी तीन-चार महिने खरं काम करायचं आणि तिथलं सर्टिफिकेट आणायचं.

जागा आहे! एसटीत बॅगेला कवटाळून बसले होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय.

३ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून दीनानाथ सरांकडे. म्हणजे आपल्याच गावात, भाजी मार्केटच्या मागे, जिना चढून. बाहेर फोटो स्टुडिओ, आत पत्र्याच्या छपराखाली एक लांब टेबल. सर पूर्वी कॅलेंडरवाल्यांकडे देवांचे चेहरे रंगवायचे. साठीचे असतील. हात अजिबात थरथरत नाही. पगार नाही, चहा आहे.

पहिला धडा: पोस्टर कलर चकचकीत फोटोवर बसत नाही, म्हणून ब्रश आधी साबणाच्या वडीवर फिरवायचा. दुसरा धडा: काम झाल्यावर त्याच्या आसपास पाणी नको. "हा रंग वर बसलेला असतो, आत शिरत नाही. ओला बोळा फिरला की खालचं सगळं जसंच्या तसं वर येतं. कळलं ना?"

कळलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन धक्के.

एक. सरांकडे मेलेल्या माणसाचे डोळे उघडायला लोक येतात! जिवंतपणी कधी फोटो काढलेला नसतो, मग शेवटच्या दिवशी घाईघाईत एक काढून घेतात, आणि भिंतीवर लावायला डोळे उघडे हवेत म्हणून सरांकडे आणतात. सर त्यावर बुबुळं काढतात. मी जागच्या जागी गार झाले. सर मात्र शांतपणे विचारत होते, "घारे होते की काळे?" आणि आजच्या फोटोतल्या म्हातारीचा मुलगा आठवत बसला होता. आठवेचना त्याला.

दोन. एका कुटुंबाने लग्नाच्या फोटोतून जावयाला काढायला सांगितलं. सोडचिठ्ठी झाली आहे. सर म्हणाले, घे, हा तुझा. मी त्याच्या जागी कुंडी काढली. चांगली भरगच्च क्रोटनची. मुलीचा हात आता त्या कुंडीवर आहे. घरचे लोक खूश होऊन गेले. मला दिवसभर हसू येत होतं, आणि हसल्याबद्दल जरा वाईटही वाटत होतं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज खरं काम मिळालं! सुकापूरच्या बाजूला एका शेठची सोसायटी होणार आहे, तिचं पत्रक. त्यासाठी सरांनी परवा जागेचा फोटो काढून आणलाय. मोठा काळा-पांढरा प्रिंट, टेबलावर पसरला की कोपर टेकायला जागा उरत नाही. मागे डोंगर, मध्ये एक मोठा आंबा, आणि आंब्याखाली पाच कुडाच्या झोपड्या. दोरीवर कपडे, एक शेळी, दारात एक म्हातारी. कपाळावर हात धरून थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, रागावल्यासारखी.

सर म्हणाले, "हे खालचं सगळं साफ. गवत कर. आंबा ठेव, शेठना आंबा हवाय."

"कोण राहतं इथे?"

"कामावरचे मजूर असतील. उद्या उठतील ते. आपण आज उठवायचे."

मला हे फारच आवडलं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तेही हसले.

२४ ऑक्टोबर, सोमवार

झालं. तीन दिवस मान मोडून. राखाडीच्या अकरा छटा बनवल्या मी, बशीत ओळीने. झोपड्या अवघड गेल्या कारण सावल्या आंब्याच्या सावलीत मिसळल्या होत्या. शेळीला तासभर लागला. म्हातारी सगळ्यात सोपी, चार फटकाऱ्यांत गेली.

काल चहाचा थेंब पडला आणि पुसायला गेले तर एका झोपडीचा कोपरा परत वर आला.  पुन्हा गवत केलं.

आज सरांनी भिंग घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "मलाही सांगता नाही येणार." सर असं कधी म्हणत नाहीत. मग मी एक आगाऊपणा केला. उजव्या कोपऱ्यात, गवताच्या पात्यांत, केसासारख्या ब्रशने बारीक 'रु' टाकलं, रुचिरातलं. चित्र काढलं की सही करायची ही कॉलेजची खोड. सरांच्या नजरेतूनसुद्धा सुटलं. शोधल्याशिवाय दिसायचंच नाही.

यावरून नवा फोटो घेऊन पत्रक छापतील, आणि हा मूळ बोर्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर डकवलेला माझा रंगवलेला प्रिंट, शेठकडे जाईल. देताना जीव तुटला.

१२ नोव्हेंबर, शनिवार

पत्रक छापून आलं! माझं गवत इतकं खरं दिसतंय की आईने विचारलं, कुठल्या गावचा फोटो हा?

दुपारी सोमी आली होती. गेली सहा-सात वर्षं आमच्याकडे येते. पावसात रानभाज्या, चिंबोऱ्या, एरवी लाकडाची मोळी. कातकरी आहे, माझ्या आईएवढी असेल, पण आम्ही सगळे तिला अरेतुरेच करतो. दिवाळी झाली की ती माणसं वीटभट्टीवर जातात ती एकदम पावसाच्या तोंडावर येतात, म्हणून आईने उरलेला फराळ बांधून ठेवला होता.

"सगलीच जाताव," सोमी म्हणाली. "आय तेवडी ऱ्हाते घरी. तिच्यानं आता विटा उचलत नाय."

मी तिला पत्रक दाखवलं. मी सध्या सगळ्यांनाच दाखवते, दूधवाल्यालासुद्धा दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मग आंब्यावर बोट ठेवलं.

"यो आंबा मना ठाव हाय."

"अगं, सगळे आंबे सारखेच दिसतात."

 ती बोट आंब्यावरून खाली गवतावर फिरवत राहिली. बोट ओलं होतं, कागद खराब होईल म्हणून मी पत्रक काढून घेतलं.

ती गेल्यावर काहीतरी मनात येत होतं, पण तेवढ्यात आईने हाक मारली.

५ जानेवारी १९९५, गुरुवार

तीन महिने पुरे झाले. नीता मॅडमचं पत्र आलं: अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत सर्टिफिकेट घेऊन या, एक तारखेपासून कामाला लागा. पत्र मी चारदा वाचलं आणि बाबांनी पाचदा. त्यांचं 'होईल काहीतरी' झालं एकदाचं. सर म्हणाले, फेब्रुवारीत देतो, अजून शेठचं काम यायचंय.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमी दारात उभी होती. फेब्रुवारीत! डोक्यावर मोळी नाही, पाटी नाही. आई म्हणाली, "अगं, तू भट्टीवर ना?"

सोमी पायरीवर बसली आणि सांगायला लागली. रडत नव्हती, म्हणून आम्हाला आधी कळलंच नाही ती काय सांगतेय. पौषात, सगळी माणसं भट्टीवर असताना, एक यंत्र आलं आणि पाचही घरं पाडून गेलं. तिची आय एकटीच होती तिथे. दोन रात्री ती म्हातारी आंब्याखाली उघड्यावर बसून होती. कुणीतरी भट्टीवर निरोप दिला. सोमी पोचेपर्यंत ती गेली होती.

"सायब बोलतां, तिथं कदी घर नव्हताच. फोटू हाय बोलतां. गवताचा फोटू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तुज्या कागदावरचा आंबा आमचाच हाय ना?"

 आईने तिला पाणी दिलं, मला कुणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

रिक्षाने सुकापूरला गेले. मनात म्हणत होते, दुसरी जागा असेल, दुसरा आंबा असेल. डोंगराची रेघ दिसली आणि संपलं. ती रेघ मी तीन दिवस समोर ठेवून बसले होते.

खाली सपाट. एक चूल होती, तिचे दोन दगड. बाकी माझ्या फोटोत आहे तसंच. मी आधी काढलं आणि नंतर त्यांनी ते तसं करून घेतलं. आंबा ठेवलाय, कारण पत्रकात आंबा आहे.

 

२० फेब्रुवारी, सोमवार

सरांना विचारलं. ओरडायचं ठरवून गेले होते, निघाला तो नेहमीचाच आवाज. "ते मजूर नव्हते, सर. तिथे राहणारे लोक होते."

सर ब्रश धूत होते. "मला शेठने मजूर सांगितलं, मी तुला मजूर सांगितलं. त्या जावयाच्या जागी कुंडी काढलीस तेव्हा विचारलंस का, चूक कोणाची होती म्हणून?"

नव्हतं विचारलं. 

मग त्यांनी सांगितलं, आश्रमशाळेतले कोणी दयाराम मास्तर आहेत, त्यांनी त्या लोकांचा घरं पाडल्याबद्दलचा अर्ज तहसील कचेरीत लावलाय. उद्या चौकशी आहे. शेठने मूळ फोटो तिथे दिलाय आणि स्टुडिओचं माणूस बोलावलंय. "माझं बीपी वाढलंय, तू जा. एवढंच म्हणायचं, फोटो आमच्याकडचा आहे. खोटं आहे का यात काही?"

टेबलावर माझं सर्टिफिकेट होतं. टाइप केलेलं, शिक्का मारलेला. फक्त सही बाकी.

"परत आलीस की करतो," सर म्हणाले.

घरी आई म्हणाली, तू कशाला मध्ये पडतेस, तू नसतं केलंस तर दुसऱ्या कोणी केलं असतं. बाबा काहीच म्हणाले नाहीत. आज तरी त्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं. मला ती नोकरी हवी आहे. इथे खोटं लिहून काय करू, हवीच आहे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

 सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

कचेरीत साहेब, एक कारकून, शेठचे वकील, दयाराम मास्तर. सोमी दाराशी जमिनीवर बसली होती. मी आत शिरले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी त्यांच्या बाजूने आले आहे हे तिला कळलं होतं. खरं म्हणजे तोपर्यंत मी त्यांच्याच बाजूची होते. जिना चढताना मनात तेच घोकत होते, फोटो आमच्याकडचा आहे, फोटो आमच्याकडचा आहे.

साहेबांनी कपाटातून बोर्ड काढला. माझाच. मागे स्टुडिओचा शिक्का, ऑक्टोबर १९९४.

वकील म्हणाले, "बघा साहेब, ऑक्टोबरमधली जागा. पाडापाडी जानेवारीत झाली म्हणतात. मुळात होतं काय तिथे? गवत."

"हा फोटो तुमच्याकडचा?" साहेबांनी मला विचारलं.

"हो."

"मग झालं," म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

झालंच होतं. मी उठायला हवं होतं. पण माझी नजर उजव्या कोपऱ्यात गेली. 'रु' तिथेच होतं. मला इतकी लाज वाटली, इतकी, की मी बोलायला लागले ते मलाच नंतर ऐकू आलं.

"साहेब, फोटोत कोणी सही करतं का?"

"काय?"

"ही माझी सही आहे. इथे, पात्यांत. चित्र काढणारा सही करतो. हे गवत मी काढलंय."

वकील हसले. म्हणाले, कोपऱ्यात कोणीही काहीही लिहील, त्यावरून काय होतं. साहेब डोळे बारीक करून बघत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं, कारण काम चांगलंच होतं. भिंगातूनही कळायचं नाही.

टेबलावर साहेबांचा पाण्याचा पेला होता. मी रुमाल त्यात बुडवला आणि बोर्डावर फिरवला.

कारकून केवढ्याने ओरडला! "ओ बाई! सरकारी कागद आहे तो!" वकील उठून उभे राहिले. मी पुसत राहिले. दोरी आली, दोरीवरचे कपडे आले. शेळी आली. एक घर, दुसरं घर. माझ्या अकराच्या अकरा छटा रुमालात येत होत्या. साहेबांनी कारकुनाला हाताने थांबवलं. 

म्हातारी शेवटी आली. कपाळावर हात धरून.

सोमी कधी उठून टेबलापाशी आली ते कळलं नाही. तिने साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. "आय," म्हणाली, हाक मारावी तसं.

मी मोठमोठ्याने रडले. शेवटी साहेब म्हणाले, "यांचं नाव-पत्ता घ्या. जबाब लिहून घ्या."

२२ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी मला आत येऊ दिलं, चहासुद्धा दिला. शेठच्या माणसांनी काल येऊन दुकानात तमाशा केला होता. सर्टिफिकेट टेबलावर नव्हतं, ड्रॉवरमध्ये होतं, आणि ड्रॉवर उघडला गेला नाही. मी मागितलंही नाही.

माझे ब्रश गुंडाळून निघाले तेव्हा म्हणाले, "काम उत्तम होतं तुझं. सही करायची काय गरज होती?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च, बुधवार

नीता मॅडमना फोन केला. सर्टिफिकेट नाही म्हटलं. का, ते सांगायला लागले तर म्हणाल्या, "रुचिरा, मला मीटिंग आहे." जागा दुसऱ्या मुलीला गेली. बाबा संध्याकाळी नेहमीसारखं 'होईल काहीतरी' म्हणाले नाहीत. नुसते माझ्याशेजारी बसून राहिले.

८ मार्च, बुधवार

दयाराम मास्तर भेटले. निकाल लागेपर्यंत जागेला हात लावायचा नाही असं कचेरीने शेठना लेखी दिलंय. भट्टीवरून तीन कुटुंबं परत आली आहेत आणि आंब्याखाली प्लास्टिक बांधून राहिली आहेत. पुढे काय होईल ते मास्तरांनाही सांगता येत नाही.

दुपारी सोमी आली. म्हणाली, "सायबाकडचा फोटू मना दे. आयचा दुसरा नाय."

कचेरीत जाऊन विचारलं. पुरावा आहे, मिळणार नाही. सरांकडच्या निगेटिव्हचं विचारायला गेले, तर ती शेठची माणसं घेऊन गेली होती. घरी येऊन आठवणीने चेहरा काढायला बसले. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. डोळे कसे होते? नाक? काही म्हणजे काही आठवेना. तीन दिवस तो फोटो माझ्या नाकासमोर होता, आणि मी त्या बाईकडे पाहिलंच नव्हतं. नुसता राखाडी जुळवत होते.

१४ मार्च, मंगळवार

बोर्डावरून चेहरा काढायला चार दिवस कचेरीत जातेय. साहेबांनी कपाटाशेजारी स्टूल दिलंय, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. कारकून समोर बसतो आणि माझ्या पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवतो. फक्त पेन्सिल आणायची परवानगी आहे.

आज चित्र घेऊन सुकापूरला गेले. सोमीने आधी हात लुगड्याला पुसले, मग कागद घेतला. खूप वेळ पाहिलं.

"नाय," म्हणाली. "आय अशी रागीट नवती. तिला ऊन लागत व्हता."

मी कपाळावरची आठी खोडली. "आता?"

"नाक बारीक कर. गालावं देवी काडल्या नायस तू."

देवीचे व्रण फोटोत दिसतच नव्हते. ती बोट ठेवत गेली, मी एकेक करत गेले. ऊन कलेपर्यंत आम्ही आंब्याखाली बसलो होतो. बाजूच्या बाया येऊन बघून जात होत्या आणि आपापसात भांडत होत्या, हनुवटी अशी व्हती, अशी नवती. मग एकदा सोमी काहीच बोलली नाही. मी थांबले.

"नाव लिव," ती म्हणाली.

मी सवयीने उजव्या कोपऱ्यात पेन्सिल टेकवली.

"तुजा नाय. तिचा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऑक्टोबरपासून आजपर्यंत मी एकदाही विचारलं नव्हतं. "काय नाव होतं?"

"सोनाबाय."

कोपऱ्यात माझ्या सहीच्या जागी मी 'सोनाबाई' लिहिलं, मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. सोमीला वाचता येत नाही. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि कागद प्लास्टिकच्या आत, वारा लागणार नाही अशा जागी ठेवून आली.